डोळा मिटलेला सरडगुहिरा

सरडगुहिरा दिवसाढवळ्या डोळा मिटून बसला असेल तर तो झोपलेला नसतो. आजारी असतो. बाकी काही वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा.

सरडगुहिरा म्हणजे शॅमेलिऑन. कुंपणावर मान वरखाली करणारा साधा सरडा वेगळा. ह्याचे पाय चिमट्यासारखे, शेपटी गुंडाळलेली, आणि डोळे म्हणजे दोन छोटे शंकू, टोकाला फक्त बाहुलीपुरतं भोक. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, आणि ती आमच्या फलटणकडच्या कोरड्या माळालाही राहते. कालव्याच्या बाजूला ऊस, पण दहिवडीच्या दिशेला निघालं की बाभळी, घाणेरी आणि कुसळी गवत. तिथं तो असतो, आणि 'विषारी आहे' म्हणून लोक त्याला दगड मारतात. तो अजिबात विषारी नाही. असो.

तर झालं असं. दिवाळीच्या आधीचा शनिवार. मी पुण्यात, आठवडाभराच्या रिलीजनंतर मेल्यासारखा झोपलेलो. मामेभावाच्या मुलाचा (आठवीत आहे) फोन. "काका, तू इंटरनेटवर शोधून सांग ना, त्याचा डोळा सुजलाय." कुणाचा? मग हळूहळू बाहेर आलं. बांधावर सापडलेला सरडगुहिरा साहेबांनी तीन आठवडे माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत ठेवला होता. खाली वाळू, वर ट्यूबलाईट, कोपऱ्यात पाण्याची वाटी. नाकतोडे रोज पकडून आणायचा. प्रेमात काही कमी नव्हतं हो, पण दोन दिवसांपासून पाहुण्यानं खाणं सोडलं होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो आले. उजवा शंकू फुगलेला, भोक बंद. डावा उघडा, पण आत गेल्यासारखा.

आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न असतो, एकाच मशीनवर येतोय की सगळ्या? इथंही तोच प्रश्न कामाला आला. एकच डोळा बिघडला असेल तर कारण बहुतेक त्या डोळ्यातच असतं. धूळ, ओरखडा, काटा, त्यातून झालेला संसर्ग. दोन्ही डोळे एकदम मिटले तर गडबड शरीरात किंवा पिंजऱ्यात शोधायची: पाणी कमी पडणं, 'अ' जीवनसत्त्व कमी पडणं, चुकीचा दिवा. डोळा खोल गेला तर बहुधा पाण्याची कमतरता. ती पडताळायला विष्ठेतला पांढरा भाग बघायचा, तो पिवळा-नारिंगी झाला असेल तर जनावर तहानलेलं आहे. पोरानं टाकीत वाकून बघितलं. नारिंगी.

म्हणजे दोन बग होते. तहानेचं कारण ती वाटी. शॅमेलिऑनला साचलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही म्हणा ना, तो पानांवरचे थेंब चाटतो. वाटीशेजारी बसून तो तीन आठवडे तहानलेला राहिला.

आता हा डोळा एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो, कारण मला स्वतःला हा भाग वाचताना झोप उडाली. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण भक्ष्याचं अंतर तो आपल्यासारखं दोन डोळ्यांतल्या फरकावरून मोजत नाही. १९७७ मध्ये लिंडसे हार्कनेस यांनी शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगं लावली, तर त्याच्या जिभेचा नेम चुकला. म्हणजे तो कॅमेऱ्यासारखा फोकस करतो आणि फोकसवरून अंतर काढतो! १९९५ मध्ये ऑट आणि शेफेल यांनी दाखवलं की त्याच्या डोळ्याचं भिंग चक्क उलटं, म्हणजे अंतर्गोलासारखं काम करतं. त्यामुळे आतली प्रतिमा मोठी पडते आणि नेम बारीक लागतो. एका डोळ्यानं तो शिकार करू शकतो. पण दुखत असेल तर करत नाही, आणि त्या बाजूनं येणारा भारद्वाज त्याला दिसत नाही.

तेवढ्यात मागून मामीचा आवाज. "अरे, आजोबांच्या मोतीबिंदूचे थेंब राहिलेत की, एक टाकू का?"

मी अंथरुणातून ओरडलोच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉईडनं ती भरत नाही आणि संसर्ग बळावतो. दुसरा घरगुती उपाय म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून पाजणं. तेही नको. ते शरीरात साठतं, आणि माणसाच्या मापाचा डोस एवढ्याशा जीवाला विषच होतो. कापूस नको, पापणी ओढणं नको. एक मात्र घाबरवणारं पण नॉर्मल दृश्य सांगून ठेवतो. निरोगी शॅमेलिऑनही अधूनमधून डोळा फुगवतो, गरगर फिरवतो आणि फांदीला घासतो. ती त्याची साफसफाई. मिनिटाभरात आटपली तर ठीक.

मग करायचं काय? त्याला टाकीतून काढून अंगणातल्या जास्वंदीवर, अर्ध्या सावलीत ठेवायला सांगितलं. (खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, त्याला लागणारे अतिनील किरण काच अडवते.) स्प्रेच्या बाटलीनं स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा, सावकाश. पोरगं म्हणालं, "काका, तो पितोय." पुढची दहा मिनिटं तो फक्त पीत होता.

पण सूज तशीच होती आणि डॉक्टर हवा होता. गावातले गुरांचे डॉक्टर भले माणूस. बघून म्हणाले, "मी गाई-म्हशींचा, याला हात लावून वाट नाही लावणार. फॉरेस्टला कळवा."

इथं घरात शांतता पसरली. मामेभावानं फोन हातात घेतला. "केस झाली तर? पोराचं वय काय... रात्री माळावर सोडून देतो ना गुपचूप." त्याची भीती खोटी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सरडगुहिरा संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं गुन्हा आहे, हौस म्हणूनसुद्धा. पण मिटल्या डोळ्यानं, उपाशी, त्याला माळावर सोडणं म्हणजे मारणंच. मला वाटतं अशी कितीतरी जनावरं ह्याच भीतीपायी मरत असतील. दोघं बराच वेळ वाद घालत होतो. शेवटी पोरगंच म्हणालं, "बाबा, मी सांगतो त्यांना, मीच आणला म्हणून."

१९२६ हा वनविभागाचा नंबर. संध्याकाळी वनरक्षक मोटरसायकलवर आले. पंचनामा झाला, बापलेकांना समज दिली, आणि सरडगुहिरा भोकं पाडलेल्या खोक्यात, फांदीसकट, पुण्याच्या उपचार केंद्राकडे निघाला.

पापणीखालून निघालं एक कुसळ! म्हणीतलंच, दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसणारं. भोवती घट्ट पू जमला होता. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पनीरसारखा असतो, वाहत नाही, त्यामुळे नुसत्या थेंबांनी भागत नाही, आतून साफ करावं लागतं. डोळा चौथ्या दिवशी उघडला. बुबुळावर पांढरट डाग मात्र राहिला.

ज्यांच्याकडे शहरात येमेनचा किंवा मादागास्करचा शॅमेलिऑन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. परदेशी संरक्षित जातींची परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं २०२४ च्या नियमांनी बंधनकारक आहे, ती केली नसेल तर करा. आणि नवा यूव्ही दिवा लावल्यावर दोन-चार दिवसांत दोन्ही डोळे मिटायला लागले तर आधी दिव्यावर संशय घ्या. फार जवळ लावलेल्या दिव्यानं डोळे भाजतात. दिवा बदलून, लांब करूनही डोळे उघडले नाहीत तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेच जा, आणि पिंजऱ्याचा, दिव्याचा, विष्ठेचा फोटो सोबत न्या. त्यांना तोच आधी हवा असतो.

आमच्या पाहुण्याला सोडायच्या आधी डागाळलेल्या बाजूनं नाकतोडे देऊन बघितले. पहिले दोन हुकले. पुढचे चारही लागले. महिन्याभरानं वनविभागानं त्याला त्याच बांधावर सोडलं. पोराला सोबत नेलं नाही, फक्त फोटो पाठवला. फोटोत नुसती बाभळ दिसते. पोरगं झूम करून डावीकडची तिसरी फांदी दाखवतं आणि म्हणतं, तो बघ. मला अजून दिसलेला नाही.