आकड्याची काकु

साहित्याच्या वाचकांपुढे पोकरविषयी लिहिणे थोडे धाडसाचेच. जुगाराला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही आणि ती असावी असे माझे म्हणणेही नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली तेव्हा मला वाईट वाटले नव्हते. मी स्वतः कधी पैसे लावून खेळलेले नाही. परंतु माझा मावसभाऊ बरीच वर्षे न्यू जर्सीत आहे. सुट्टीला तो अटलांटिक सिटीत जाऊन पोकर खेळतो आणि डावांची टिपणे मला पाठवतो. कोण कुठे बसले होते, कोणी किती लावले, पुढे काय झाले, एवढेच त्यांत असते. ती वाचता वाचता जाणवत गेले की हा प्रकार माझ्या विषयापासून फारसा दूर नाही. इथे माणसे आकड्यांतून बोलतात आणि समोरचा त्या बोलण्याचा अर्थ लावत बसतो.

खेळ थोडक्यात सांगते. 'टेक्सस होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि पुढे टेबलावर सर्वांसाठी सामायिक अशी पाच पाने उघडतात. 'नो-लिमिट' म्हणजे पुढ्यातले सगळे एकाच वेळी लावण्याची मुभा. 'कॅश गेम'मध्ये पुढ्यातली प्रत्येक चिप खऱ्या डॉलरची असते. १-२ डॉलरच्या टेबलावर दोघांना आपली पाने न पाहताच अनुक्रमे १ आणि २ डॉलर मध्ये टाकावे लागतात. या जागा 'स्मॉल ब्लाइंड' आणि 'बिग ब्लाइंड'. समजा, सर्वांपुढे २०० डॉलर आहेत आणि एकाने ६ डॉलर लावून डाव उघडला. सामायिक पाने उघडण्यापूर्वीच त्याच्यावर पुन्हा रक्कम वाढवायची, याला 'थ्री-बेट' म्हणतात. आता ती वाढवून किती करायची? १०, १८, २४ की ४०?

नवखा खेळाडू हा आकडा पाने पाहून ठरवतो. दोन एक्के आले तर समोरचा पळून जाऊ नये म्हणून नियमाने चालेल तेवढी किमान रक्कम, म्हणजे १० लावतो. दोन गुलाम आले तर भीतीपोटी ४० लावतो, कोणी आत येऊच नये म्हणून. दोन्हींचा हिशेब फसतो. १० लावले की मध्ये १९ डॉलर जमतात आणि समोरच्याला आणखी ४ च घालायचे असतात. शंभरातले सतरा-अठरा डाव जिंकण्याची आशा असली तरी त्याला ते परवडते. उलट, हातात काही नसताना ४० लावले, तर मधल्या ९ डॉलरसाठी ४० पणाला लागतात. समोरच्याने शंभरातून ब्याऐंशी वेळा पाने टाकली तरच हा सौदा तोट्याचा होत नाही.

म्हणून जाणते खेळाडू शेवटच्या जागेवरून साधारण तिप्पट, म्हणजे १८ करतात. समोरच्याला मग २७ डॉलरसाठी १२ घालावे लागतात. बिग ब्लाइंडवरून मात्र चौपट, २४ किंवा थोडे अधिक. कारण तिथे बसलेल्याला पुढच्या प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या आधी बोलावे लागते, आणि आधी बोलणाऱ्याला कमी माहिती असते. ती उणीव तो प्रवेशाची किंमत वाढवून भरून काढतो. मध्ये आणखी कोणी ६ डॉलर घालून आला असेल, तर प्रत्येक अशा माणसामागे आणखी सहाएक वाढवायचे. पुढ्यात २०० ऐवजी ४०० असतील तर आणखी थोडे.

"अगं, पानं बघून आकडा ठरवायचाच नाही. कुठं बसलोय ते बघायचं," असे दादा एकदा फोनवर म्हणाला, आणि मला मम्मट आठवला. आवाजाच्या ज्या चढउताराने वाक्याचा अर्थ पालटतो त्याला आपले आलंकारिक काकु म्हणतात. आर्थी व्यंजना कशाकशामुळे संभवते हे सांगताना मम्मटाने वक्ता, श्रोता, प्रसंग, देश, काल यांच्याबरोबर काकुचीही गणना केली आहे. पोकरच्या आकड्यात देश असतो, काल असतो, प्रसंग असतो; त्यात काकु तेवढी असता कामा नये. वक्त्याचा आनंद किंवा भीती आकड्यात उतरली की श्रोत्याने ती वाचलीच म्हणून समजावे. म्हणून दोन एक्क्यांना जे १८, तेच त्याच जागेवरून एक्का-पंजा या कच्च्या जोडीलाही १८. कच्च्या जोड्यांतून हीच निवडण्यामागेही हिशेब आहे: एक एक्का आपल्याकडे असला की समोरच्याकडे दोन एक्के असण्याच्या ६ शक्यता ३ वर येतात.

मग हे खोटे बोलणे झाले का? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे रूप घेऊन दाखवून दिले की हूल देणे ही स्वभावाची लबाडी नसून समतोल धोरणाचाच भाग आहे. २०१९ साली 'प्लुरिबस' या संगणक-प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवले. आपल्या हाती असू शकणाऱ्या प्रत्येक जोडीने आपण काय केले असते, याचा ती आधी विचार करते आणि मगच हातातल्या जोडीने खेळते. यात फसवण्याचा आवेश नाही. स्वर आवरून धरण्याची शिस्त मात्र आहे.

कविता काकुवर जगते. ती काढून घेतली तर आपल्या हाती शब्दकोश उरेल. तरीही स्वर आवरणे हेच ज्यांचे कर्तव्य आहे अशा जागा आपल्या व्यवसायात आहेत. तोंडी परीक्षा ही त्यांतली एक. विद्यार्थिनी आत येते, आपले नाव सांगते. आडनाव ऐकून, बोलीचा हेल ऐकून परीक्षकाच्या मनात पाने वाटून झालेली असतात. प्रश्न तोच असतो, पण एकीला तो 'सांगा बरं' असा येतो आणि दुसरीला 'येतंय का काही?' असा. मुली हा फरक कोणत्याही जुगाऱ्याहून लवकर ओळखतात, आणि उत्तर माहीत असूनही वाक्य अर्ध्यावर सोडतात. पोकरच्या टेबलावर स्वर सुटला तर नुकसान बोलणाऱ्याचे होते. इथे ते ऐकणारीचे होते, आणि ते गुणपत्रिकेवर उमटते.

प्रश्न किती अवघड असावा हे पाठ्यपुस्तकाने ठरवावे, विद्यार्थिनीच्या आधीच्या उत्तराने ठरवावे. तो देश-कालाचा भाग झाला. तिच्याविषयी आधीच हाती आलेल्या पानांनी ते ठरवू नये. मी पहिला प्रश्न कागदावर लिहून ठेवते आणि सर्वांना त्याच शब्दांत वाचून दाखवते. नाव त्यानंतर विचारते.