जुन्या होडीची दुरुस्ती

पाण्यांत राहिल्यानें लाकूड कुजतें असा सर्वसाधारण समज आहे. पण तो अर्धाच खरा आहे. लाकूड कुजविण्याचें काम एक प्रकारची बुरशी करीत असते, आणि तिला जगण्यास ओलाव्याबरोबर हवाही लागते. म्हणून जें लाकूड सदैव पाण्याखालीं बुडालेलें असतें तें फारसें कुजत नाहीं, आणि ज्यांतील ओलावा शेंकडा २० हून कमी आहे असें कोरडें लाकूडही कुजत नाहीं. शिवाय समुद्राचें खारें पाणी या बुरशीस मानवत नाहीं. खाऱ्या पाण्यांतील शत्रु निराळा आहे. त्यास लोक किडा म्हणतात खरे, पण वस्तुतः तो शिंपल्यांच्या वर्गांतील प्राणी असून लाकूड आंतून पोखरतो. होडी कुजते ती बहुधा आकाशांतून पडणाऱ्या गोड्या पाण्यानें. पावसाचें पाणी कांठाच्या जोडांत, खिळ्यांच्या भोंकांत व कोपऱ्याकोपऱ्यांत मुरून बसतें, आणि तेथेंच नाशास आरंभ होतो.

ही काळजी घेतली तर लाकडाचें आयुष्य किती वाढतें याचें उदाहरण मुंबईनेंच घालून दिलें आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत लोटण्यांत आलें. तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. मात्र तें आपोआप टिकलें नाहीं. तेथें नेल्यावर त्याची दुरुस्ती दहा वर्षांहून अधिक काळ चालली होती.

आमच्या घराण्याची होडी इतकी थोर नव्हे. दाभोळच्या खाडींत ती सुमारें चाळीस वर्षें आहे. लांबी चोवीस फूट, फळ्या सागाच्या व वांक बाभळीचे. तिच्यावर आमच्या काकांचा संसार चालतो. कांहीं वर्षांपूर्वीं तिला बाहेरून, ज्यास कोळी लोक नुसतें ‘फायबर’ म्हणतात, त्याचें आवरण चढविण्यांत आलें. हें फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचें कापड चिकट रसायनांत भिजवून बसविलेला थर होय. १९४० नंतरच्या दशकांत अशा थरांच्या होड्या अमेरिकेंत होऊं लागल्या, आणि पुढें हें साधन आमच्या किनाऱ्यासही येऊन पोहोंचलें. त्याचा उपयोग मोठा आहे. किडा आंत शिरत नाहीं, व दरसाल फटींत कापूस ठासण्याचे श्रम वांचतात. परंतु ज्या कारागिरानें तें काम केलें त्यानें होडी पुरती सुकूं दिली नव्हती, आणि वरची कडही नीट बंद केली नव्हती.

शिमग्यास आम्ही गांवीं गेलों तेव्हां होडी बाहेरून नव्यासारखी चकचकीत दिसत होती. पण अलीकडे ती ओढावयास जड लागते, असें काकांचें म्हणणें पडलें. गांवच्या वृद्ध मेस्त्रींना बोलावून आणलें. त्यांनीं लाकडी हातोडीनें टोक टोक करीत होडीस एक प्रदक्षिणा घातली. पुष्कळ ठिकाणीं टणक आवाज आला. डाव्या अंगास मात्र तो पोकळ व भदभदीत येऊं लागला. तेथें त्यांनीं आंतल्या बाजूनें आरी टोंचली, ती भाकरींत शिरावी तशी शिरली.

काका म्हणाले, “मेस्त्री, वरून आणखी एक थर चढवा आणि आम्हांला मोकळें करा. पावसाळ्यापूर्वींचे हे दोन महिनेच कमाईचे आहेत.”

मेस्त्री शांतपणें म्हणाले, “चढवितों. पण मग या होडींत मला बसावयास सांगूं नका.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. शेवटीं काकूंनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, “तुम्हांला नाहीं बसावयाचें, मग माझ्या मुलानें कां बसावें? दोन महिने मी दुसऱ्यांची मासळी घेऊन विकीन. होडी उघडा.”

होडी उघडली. जेथें थर सुटला होता तेथून तो कापून काढला, तेव्हां काळसर पाणी ओघळलें व कुबट वास सुटला. प्रथम वाटलें, हातभर लाकूड गेलें असेल; पाहतां पाहतां तीन फळ्या आणि दोन वांक गेले. सागाचा गाभा सहसा कुजत नाहीं. पण गाभ्याबाहेरील पांढरट लाकूड ज्या फळ्यांत राहिलें होतें त्यांनींच आधीं दगा दिला. नासलेला भाग संपला असें दिसल्यावरही मेस्त्रींनीं आणखी वीतभर लाकूड कापलें. कारण बुरशीचे तंतु डोळ्यांस दिसतात त्याच्या पुढें गेलेले असतात.

त्यानंतर होडी गोड्या पाण्यानें धुतली. हें प्रथम आम्हांस विचित्र वाटलें. पण मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून तें आधीं काढावें लागतें. मग झांवळ्यांच्या मांडवाखालीं तीन आठवडे होडी नुसती सुकत ठेविली. या तीन आठवड्यांत काका रोज खाडीवर जाऊन इतरांच्या होड्या पाहून परत येत. काम चाललें असतां वाट पाहणें सोपें असतें. कांहींच न करतां वाट पाहणें फार कठीण.

नव्या फळीचा सांधा उभा कापून चालत नाहीं. इंचभर जाडीच्या फळीस आठ इंच तिरका उतार देऊन दोन्ही टोकें एकमेकांवर बसवावीं लागतात, तेव्हां जोर सर्वत्र सारखा वांटला जातो. फायबरच्या जुन्या थरासही तोच नियम. पाव इंच जाडीच्या थरास तीन इंच उतार घांसून द्यावा लागला. सागांत तेल असतें, म्हणून चिकटविण्यापूर्वीं तो अ‍ॅसिटोननें पुसला, आणि लाकडास अधिक घट्ट धरणारें इपॉक्सी वापरलें. उन्हाळ्यांत तें भांड्यांत लवकर तापून घट्ट होतें, म्हणून सकाळच्या गारव्यांत थोडें थोडें कालवून, रुळानें हवेचे बुडबुडे दाबून काढीत एकेक थर बसविला. घांसतांना उडणारी काचेची धूळ अंगास खाजवते व छातींत गेल्यास अपाय करते, म्हणून तोंडास मुखवटा व हातांत मोजे असल्यावांचून मेस्त्रींनीं कोणासही जवळ येऊं दिलें नाहीं. आंतलें लाकूड मात्र उघडेंच ठेविलें. “जें दिसतें तें तपासतां येतें,” असें ते म्हणाले.

नारळी पौर्णिमेस होडी पुन्हां पाण्यांत गेली. दोन महिन्यांची कमाई बुडाली ती बुडालीच. काकूंचे सोन्याचे डूल गेले ते अद्याप परत आलेले नाहींत. पण त्यांचा मुलगा वाऱ्यापावसांत बाहेर असला तरी घरीं निश्चिंत झोंप लागते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

या साऱ्यांत फायबरचा दोष नव्हता. आवरण हें आंत जें असेल तेंच राखतें. आंत सुकें असेल तर सुकें, ओलें असेल तर ओलें. बालमित्रहो, उद्यां तुमच्या हातीं होडी येईल, घर येईल, कदाचित् एखादी संस्थाही येईल. तिला रंग देण्यापूर्वीं एकदां हातोडी घेऊन तिच्या भोंवतीं फिरा. जेथें आवाज पोकळ येईल तेथें थांबा, आणि तें उघडण्याचा खर्च आज सोसा. उद्यां तो खाडीच्या मध्यावर सोसावा लागतो.