पाटीवरची ओळ

गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगरकडे वळणाऱ्या रस्त्यालगत, एका किराणा दुकानाला चिकटून असलेल्या गाळ्यावर माझ्या भौतिकोपचार केंद्राची जी पाटी आहे, तिची अक्षरे उन्हापावसाने इतकी विटली की ती वाचण्यापेक्षा तर्काने ओळखणेच सोपे झाले, तेव्हा ती नव्याने रंगवून घेण्याची तजवीज मला करावी लागली. रंगाऱ्याने पाटी उतरवली, मापे घेतली आणि अत्यंत निरागसपणे विचारले, "सर, नावाखाली एवढी जागा मोकळी राहते. आणखी काय काय करता तुम्ही? कपिंग, वजन घटवणे, मणके बसवणे, काहीतरी टाकू या. पाटी भरलेली दिसते."

त्याने रंगाच्या दृष्टीने विचारलेला हा प्रश्न माझ्या मनात मात्र धंद्याच्या आणि धर्माच्याही दृष्टीने बरेच दिवस घोळत राहिला.

मणके बसवून घेण्याची हौस आपल्याकडे नवी आहे असे कोणी समजू नये. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून काढून त्याच्याकडून पाठीवर हलकी लाथ मारून घेणे, तालमीतल्या वस्तादाकडून उखळलेला खांदा बसवून घेणे, दाढी आटोपल्यावर न्हाव्याने दोन्ही हातांत हनुवटी धरून मान कडकन मोडून देणे, हे सारे आमच्या वडीलधाऱ्यांच्या नित्य परिचयाचे होते. हल्ली मोबाइलवर परदेशी थाटाचे उपचारक एखाद्याची मान वळवून कडाड असा आवाज काढताना दिसतात आणि तो ऐकून आलेला तरुण माझ्या खाटेवर पालथा पडण्यापूर्वीच विचारतो, "सर, तुम्ही आवाज काढत नाही का?" त्याच्या मते माझ्या विद्येत तेवढीच उणीव असते.

वस्तुतः त्या आवाजाचा आणि हाड जागेवर बसण्याचा काही संबंध नाही. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी उतरला म्हणजे त्यात विरघळलेल्या वायूची पोकळी निर्माण होते आणि तिचाच तो आवाज. म्हणूनच एकदा मोडलेले बोट साधारण वीस मिनिटे पुन्हा मोडत नाही. क्षणभर हलके वाटते, हे खरे. पण ज्याच्या मणक्याला क्षयाने आतून पोखरले आहे, अशाच्या पाठीवर हात टाकणे म्हणजे कुजलेल्या तुळईवर उडी मारणे होय. आणि मान झटक्याने वळवताना मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याचे दाखले वैद्यकाच्या दप्तरात नमूद आहेत. न्हाव्याला हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहे, म्हणून माझा अपराध अधिक ठरेल.

मणके बसवण्याच्या या परदेशी विद्येचा जन्म अमेरिकेतील आयोवा संस्थानातल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली झाला. डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ आधी किराणा विकत असे, पुढे चुंबकीय उपचार करू लागला, आणि हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबल्याने त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा त्याने केला. हात आणि कृती या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून कायरोप्रॅक्टिक हे नाव घडले. परंतु नाव रुळते न रुळते तोच त्या पंथात दुफळी माजली. केवळ हाताने मणका दाबावा, दुसरे काही करू नये असे म्हणणारे एकीकडे. शेक, वीज, पाणी, व्यायाम, आहार यांची जोड द्यावी असे म्हणणारे दुसरीकडे. पामरचा मुलगा बार्टलेट हा पहिल्या पक्षाचा कडवा सेनापती. मिश्रण करणाऱ्यांना तो पाखंडीच लेखी. आणि याच माणसाने १९२४ साली पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंच्या उष्णतेतील तफावत दाखवणारे एक यंत्र पुढे आणले, ते भाड्याने देऊ केले, आणि त्यावाचून निदान अपुरे आहे असे जणू फर्मानच काढले. त्याच्या शाळेतील काही अध्यापक बाहेर पडले आणि त्यांनी १९२६ साली इंडियानापोलिसला वेगळे महाविद्यालय काढले.

ही हकीकत वाचताना मला पूर्वी हसू येत असे. पुढे मी स्वतः पाठ ताणण्याचे ट्रॅक्शनचे टेबल हप्त्याने विकत घेतले, आणि ते हसू मावळले. टेबल येण्यापूर्वी माझ्या नोंदवहीत ट्रॅक्शनची शिफारस क्वचित आढळे. टेबल आल्यानंतर, बँकेचा हप्ता ज्या तारखेस कापला जाई तिच्या आधीच्या आठवड्यात तर, प्रत्येक दुसऱ्या पाठीला ताण देणे मला मनापासून आवश्यक वाटू लागले. मी खोटे बोलत होतो असे नव्हे. वाईट हेच की माझा त्यावर विश्वास बसला होता. "मणक्यात गॅप आहे, दहा दिवस यावे लागेल," हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहजतेने निघे की ऐकणाऱ्याला ते निदान वाटे आणि मलाही. नुसत्या कंबरदुखीवर ट्रॅक्शनने फारसा फरक पडत नाही, हा अनेक चाचण्यांच्या पडताळणीचा निष्कर्ष माझ्या वाचनात आला त्या रात्री मी वही उघडून बसलो. माझ्याच हस्ताक्षराने माझ्याविरुद्ध जबाब दिला.

म्हणून काय, हातापलीकडे काहीच करू नये? तसा निव्वळपणाही मला मान्य नाही. मलिक अंबराने नहरीने पाणी खेळवलेल्या या शहरात आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि ते सुटले की सारी गल्ली कंबर कसून, खरे म्हणजे कंबर मोडून, कामाला लागते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या पाठींची संख्या वाढते. हौदात वाकून बादली ओढणाऱ्या एका मावशींना मी महिनाभर शेक दिला आणि गुण येईना. शेवटी त्यांच्या घरी गेलो, हौदाच्या काठाशी एक चौरंग ठेवविला, बादली अर्धी भरावयास सांगितली, गुडघ्यांत वाकून उठण्याची सवय लावली. त्यानंतर मावशी उपचारासाठी आल्या नाहीत. आल्या त्या लेकीला हौद दाखवायला कधी येता हे विचारायला. वाळूजच्या कारखान्यात पाळीवर उभे राहणाऱ्यांनाही मी आता आधी त्यांच्या यंत्राची उंची विचारतो आणि मग त्यांची पाठ पाहतो. हीही एक वाढीव सेवाच. फक्त तिचे दरपत्रक लावता येत नाही. पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटलेल्या माणसाला खाटेवर न घेता तत्काळ घाटी रुग्णालयात पाठवणे, ही तर मी देऊ शकणारी सर्वांत मोठी सेवा, आणि तिची पावती फाडण्याची सोय नाही.

कायद्याने काही विद्यांच्या चौकटी आखल्या आहेत. भौतिकोपचारासाठी महाराष्ट्राचा २००२ चा परिषद अधिनियम आहे, ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा आहे. एकीच्या नोंदणीवर दुसरीचा कारभार हाकणे योग्य नव्हे. पण चौकटीच्या आतही माणूस दुकान मांडू शकतो, हे मी माझ्या टेबलावरून शिकलो. माझा फैसला एवढाच: जी जोड दिल्याने रुग्ण माझ्याकडून लवकर मोकळा होतो ती द्यावी, जिच्यामुळे तो माझ्याशी बांधला जातो ती देऊ नये, आणि नवे साधन घेतल्यावर सहा महिन्यांनी आपलीच वही परक्याची समजून तपासावी.

टेबल अजून आहे. हप्ते फिटले. आता त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो.

रंगारी पुन्हा आला तेव्हा मोकळ्या जागेत मी त्याच्याकडून एकच ओळ लिहवून घेतली: "पाणी सुटण्याच्या दिवशी केंद्र दुपारी चारनंतर उघडेल."