फुटाला सतरा इंच

नववीत असताना मी एका रात्री ‘करणीचे सोपे रूप’ मोठमोठ्यानं घोकत बसले होते. भाकऱ्या थापता थापता आजीचा हात थांबला. ‘कुणावर केलीया गं करणी?’

आमच्या हातकणंगल्यात हा शब्द लिंबू-बिब्ब्यासोबतच यायचा. ‘आजी, वर्गमूळ गं ते!’ म्हटलं, तर म्हणाली, ‘मुळ्या तरी कशाला खणायच्या रातच्या?’

नियम सोपा होता. चिन्हाखालच्या संख्येचे अवयव पाडायचे. जोडी जमली की बाहेर, बिनजोडीचा आत. √(७२क्ष³) घ्या. ७२ म्हणजे ३६ गुणिले २, क्ष³ म्हणजे क्ष² गुणिले क्ष. बाहेर आले ६क्ष, आत उरले २क्ष. मी कैकदा ३६ तसेच्या तसे बाहेर काढायची आणि फुली खायची. पण खरी मेख वेगळी होती. आतलं मूळ काही जातच नाही, मग याला सोपं का म्हणायचं?

आमचे अण्णा गवंडी. सुट्टीच्या दिवशी दोरीचं दुसरं टोक धरायला मला न्यायचे. रामलिंगच्या वाटेवर एका घराचा पाया आखत होते, दहा बाय दहाची खोली. तीन-चार-पाच फुटांच्या खुणा धरून कोपरा गुण्यात आणला, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणली. म्हणाले, ‘चौदा फूट दोन इंच भरली पायजे.’ भरली.

‘कसं ठरवलंत?’

‘फुटाला सतरा इंच. खोली चौरस असली की झालं.’

घरी येऊन वही उघडली. बाजू क्ष, तर कर्ण √(२क्ष²). क्षची जोडी बाहेर: क्ष√२. खोली दहाची असो की पंधराची, क्ष बाहेर येऊन बदलत राहतो. आतला २ हलत नाही. म्हणून तर अण्णांचं एका आकड्यावर भागत होतं! पुस्तकात शेजारी अट असते, क्ष शून्याहून मोठा. कारण क्ष² चं मूळ क्ष नव्हे, क्षचं केवळ मूल्य. अण्णांना ती अट कधी आडवी आली नाही. उणे दहा फुटांची खोली कोण बांधून घेतो?

पुढं गणित शिकवू लागले तेव्हा भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त करणीचं स्वतंत्र प्रकरण दिसलं. त्याच्याही कितीतरी आधी, बौधायनांच्या शुल्बसूत्रात, ‘द्विकरणी’ भेटली: दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी बाजू. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखणाऱ्यांनी √२ साठी मांडलेली बेरीज अशी: एक, त्यात एक तृतीयांश, त्यात एक बारांश. झाले सतरा बारांश. फुटाला सतरा इंच! त्यातूनही ते ४०८ वा भाग वजा करतात, कारण सतरा किंचित जास्त होतात.

दहा फुटांच्या खोलीत ते जास्तीचं माप पाव इंचाहून थोडं अधिक भरतं. परवा घरी फरशी बसवायला आलेल्या पोरानं लेझरची हिरवी रेघ मारली, तेव्हा मला त्या पायावरची संध्याकाळ आठवली. मी अण्णांना विचारलं होतं, ‘सतरा म्हणजे अगदी बरोबर का?’

‘न्हाई,’ दोरी गुंडाळत ते म्हणाले होते, ‘पर तेवढं गिलाव्यात जातंय.’