वाकळ आणि चीवर

दर जूनमध्ये वसतिगृहात नवे विद्यार्थी दाखल होतात, तेव्हा बहुतेकांच्या पत्र्याच्या पेटीवर सुतळीने बांधलेली एक वाकळ असते. आणि पहिला आठवडा सरण्याआधीच ती पेटीमागे दडवली जाते. बाजारातले फुलाफुलांचे ब्लँकेट आणणाऱ्या मुलांसमोर जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची लाज वाटते. वरवर ही लाज किरकोळ दिसते, पण तिच्या पोटात आईच्या हातांची लाज असते. ती वाढू देणे शिक्षक म्हणून आम्हांला परवडणारे नाही.

आठवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने' हा आहे. कागदपत्रे, वास्तू, नाणी सांगून झाली की आम्ही वर्गात एक वाकळ अंथरतो. कोणता तुकडा कशाचा, शिवली कोणी, दिवस किती लागले, एवढेच प्रश्न. उत्तरे वर्गात कोणालाच ठाऊक नसतात. रविवारी घरी फोन लावण्याची मुभा मिळते तेव्हा मुले ती विचारतात, आणि एरवी 'जेवलास का' यापलीकडे ज्या माउलीला काही सुचत नसे, ती बोलतच राहते. हे आजीचे लुगडे, ऊसतोडीला जाताना नेसायची ते. हे मामाचे धोतर. एका मुलाच्या वाकळेत उशाकडच्या अंगाला निळा तुकडा होता. तो जयंतीच्या पताकांचे उरलेले कापड. पाय लागू नयेत म्हणून वरच्या बाजूला लावला, असे त्याच्या आईने सांगितले. त्या बाईला शाळा लाभली नव्हती. पण कोणता रंग कोठे असावा आणि का असावा, हे तिने ठरवले होते. आमच्या मते कलेची सुरुवात येथेच होते.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांना बांधांनी आखलेली मगधातील शेते दिसली. भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी तुकडे जोडून तशी चीवरे सिद्ध केली आणि तथागतांनी त्यांच्या बुद्धीची प्रशंसा केली. हे सांगितल्यानंतर सायंवंदनेला बसलेली मुले भन्तेजींच्या चीवरावरील शिवणी न्याहाळू लागतात. (वंदनेत लक्ष नाही, ही अधीक्षकांची तक्रार तेवढ्यापुरती आम्ही ऐकून घेतो.)

मात्र एक खबरदारी घ्यावीच लागते. हस्तकौशल्याचे गोडवे गाणारे पुष्कळ लोक अखेरीस 'ज्याने त्याने बापाचाच धंदा करावा' या मुक्कामाला पोहोचतात. बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट केले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. वाकळ तर घरोघरी शिवली जाते. तरीही आईने शिवली म्हणून लेकीनेही जन्मभर सुईदोराच धरावा, हे आम्हांला मान्य नाही. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. तो त्यांना मिळालेला वारसा नव्हता. शिकावेसे वाटले, म्हणून ते शिकले. वाकळेविषयी विचारणारी मुलगी उद्या वास्तुविशारद होवो वा रसायनशास्त्रज्ञ. पाहावे, विचारावे, जोडून बघावे ही सवय तिने सोबत न्यावी, इतकाच आमचा आग्रह असतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा ब्राह्मी लेख आहे. दार घडवल्याची नोंद त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षे ते नाव त्या दगडावर टिकले आहे. सहलीत ती अक्षरे दाखवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग वाकळेवर नाव का नसतं?"

आम्ही उत्तर दिले नाही. तिला एक कोरी वही दिली. त्या वहीत आता 41 नावे आहेत. नाव, गाव आणि वाकळ कोणासाठी शिवली, असे तीन रकाने तिनेच आखले. दोन ओळींत नुसते 'आजी' लिहिले असून पुढची जागा मोकळी आहे. त्या दोघी आता हयात नाहीत, आणि घरात सगळे त्यांना आजीच म्हणत. ती दोन मुले दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची नावे विचारून येणार आहेत.