तिसरे हत्यार

माणसाने कशाचा संग्रह करावा याला काही नियम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी नुसत्या काडेपेट्या. आमच्या काकांनी पिस्तुले जमवली. तीही जुनी, परदेशी बनावटीची आणि कोटाच्या खिशात मावणारी. ‘जमवली’ हा शब्द जरा मोठाच झाला म्हणायचा, कारण हा सारा संग्रह अवघ्या दोन पिस्तुलांचा. आजोबांकडून वारशाने आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक धरली की तीन हत्यारे झाली, आणि एका परवान्यावर तेव्हा तीनच ठेवता येत. तिकिटे जमवणाऱ्याला कोणी मर्यादा घालत नाही; या छंदाला मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कुंपण आहे, आणि ते योग्यच आहे, असे आम्हांस अनुभवाने वाटते. तो अनुभव सांगण्यासाठीच हे चार शब्द.

आमचे बालपण दौंडला गेले. जुन्या वेळापत्रकांत या गावाचे नाव ‘धोंड’ असे आढळते. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनांचा काळ होता. शेडमधल्या धुराने वाळत घातलेले कपडे काळे होत आणि आमच्या माता त्या धुराला रोज नव्याने बोल लावीत. रेल्वेच्या चाळींत मराठी, गोवेकर, तमिळ, अँग्लो-इंडियन अशी सर्व प्रकारची माणसे राहत. रविवारी मिस्साला ती एका बाकावर बसत आणि सोमवारी एका इंजिनावर चढत.

काका तेव्हा फायरमन होते. ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली ते कोळसा ओढायला शिकले, ते गृहस्थ १९६३ साली सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यांच्यासारखी अनेक कुटुंबे त्या वर्षांत निघून गेली. सामान विकले गेले, पियानो विकला गेला. उरले एक लहानसे पिस्तूल. ते रीतसर परवाना काढून, पुण्याच्या विक्रेत्यामार्फत काकांकडे आले. साहेबांनी निरोप घेताना म्हणे एवढेच सांगितले, “याला कधी चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस.” वरवर विचित्र वाटणारा हा उपदेश पुढे आम्हांस उमगला. चामडे कमावताना वापरलेली आम्लद्रव्ये आणि हवेतला ओलावा मिळून पोलादाला खातात. म्यानात शोभून दिसणारे हत्यार म्यानातच गंजते. तेल लावलेले सुती फडके हेच त्याचे खरे घर.

हे पिस्तूल बेल्जियममधील हेर्स्टालच्या कारखान्यात बनलेले ब्राउनिंग होते. १९०६ सालचा नमुना म्हणून जाणकार त्याला ओळखतात. लांबी साडेचार इंच, नळी जेमतेम दोन इंच, वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम. काडतूस ६.३५ मिलिमीटरचे, ज्याला आपल्याकडे पॉइंट टू-फाइव्ह म्हणतात. मॅगझीनमध्ये अशी सहा. मुठीच्या दोन्ही अंगांना काळ्या कठीण रबराच्या पट्ट्या, त्यांवर कारखान्याची आद्याक्षरे. नळीवर लिएजच्या परीक्षागृहाचा बारीक शिक्का. हा नमुना काढणारा जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतील युटा प्रांताचा. १९२६ साली हेर्स्टालच्याच कारखान्यात काम करता करता त्याला मृत्यू आला. त्याच्या या लहानशा पिस्तुलाचे दहा लाखांहून अधिक नग निघाले. यावरून जगात खिशात भय बाळगून हिंडणारी माणसे किती होती, याचा अंदाज यावा.

पुढे निघालेल्या नगांना तीन अटकाव असत. आमच्या काकांचे पिस्तूल पहिल्यापहिल्या नगांपैकी, त्याला एकच. मुठीच्या पाठीमागे एक दाबपट्टी असे. तळहाताने मूठ पुरती आवळली, तरच चाप चाले. मॅगझीन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे. शेवटचे एक काडतूस नळीच्या खोबणीत बसलेले असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. हे वाक्य आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही.

१९६८ सालची गोष्ट. आम्ही अकरा वर्षांचे, धाकटी बहीण सात वर्षांची. काका त्या दिवशी पुण्याला रायफल क्लबच्या मैदानावर जाऊन आले होते. संध्याकाळी टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून ते पिस्तूल पुसायला बसले. मॅगझीन काढून त्यांनी बाजूला ठेवले, तोच दाराशी कॉलबॉय आला. ज्यांनी वाफेचा काळ पाहिला नाही, त्यांना हा कॉलबॉय ठाऊक नसेल. ड्यूटी निघाली की तो ड्रायव्हर-फायरमनच्या दारी वही घेऊन येई आणि वहीत सही घेतल्याशिवाय हलत नसे. काका सही करायला उठले. दोन मिनिटांचाच काय तो खेळ.

आम्ही पिस्तूल उचलले. दोन्ही हातांच्या बोटांनी कसेबसे धरले आणि सिनेमात पाहिल्याप्रमाणे धाकटीवर रोखले. ती हसली. आम्ही चाप ओढला. काहीच झाले नाही. पुन्हा ओढला. तेवढ्यात काका आत आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी आमचे मनगट धरून नळी भिंतीकडे वळवली, पिस्तूल काढून घेतले आणि वरचा सरकता भाग मागे ओढला. एक पिवळे काडतूस उडून शहाबादी फरशीवर पडले. तो किणकिण आवाज आजही, कोणाच्या हातून नाणे पडले तरी, आमच्या कानात उठतो.

आमच्या बोटांना ती दाबपट्टी पुरती आवळता आली नव्हती. तळहात लहान होता, एवढेच. आमच्या शहाणपणाचा वा काकांच्या काळजीचा त्यात काही वाटा नव्हता.

काका खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. अखेरीस म्हणाले, “चूक तुझी नाही, माझी आहे. पण वहिनींना सांगू नकोस.” आम्ही आईला सांगितले नाही. त्या महिन्यात पापनिवेदनाला गेलो तेव्हा साखर चोरल्याचे, खोटे बोलल्याचे सांगितले; हे मात्र सांगितले नाही. पाचवी आज्ञा मोडली म्हणावे तर कोणी मेले नव्हते, आणि न मोडली म्हणावे तर चाप आम्ही दोनदा ओढला होता. ज्या पापाला नाव सापडत नाही, ते माणूस उगाच जवळ बाळगतो.

यानंतर काकांनी पिस्तूल विकून टाकले असेल, असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. उलट काही वर्षांनी त्यांनी दुसरे घेतले. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कारखान्याचे, पॉइंट थ्री-टूचे, त्याच जातीचे पण अंगाने थोराड. लंडनच्या पोलिसांनी १९११ साली हाच नमुना स्वीकारला होता. मात्र घरात एक नियम आला. हत्यारे एका कपाटात, काडतुसे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या काकांच्या गळ्यातल्या क्रूसाच्या साखळीत. हत्यार हाती घेतले की प्रथम सरकता भाग मागे, मग नळीत नजर, मग करंगळी घालून खात्री. हा क्रम ते प्रार्थनेसारखा पाळत.

आम्ही एकवीस वर्षांचे झालो तेव्हा ते आम्हांस मैदानावर घेऊन गेले. वेबलीने आम्ही बऱ्यापैकी नेम साधला. ब्राउनिंगने पंचवीस यार्डांवरचा कागदसुद्धा लागला नाही. त्याचा नेमदर्शक म्हणजे वरच्या अंगाला कोरलेली एक बारीक चर आणि तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. काका म्हणाले, “अरे, हे नेमासाठी केलेलंच नाही. सात पावलांवर, भ्यालेल्या माणसाने, भ्यालेल्या माणसावर झाडायचं हे.” जुन्या काडतुसाने दगा दिला तर लगेच पिस्तूल उघडायचे नाही, नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबायचे, कारण दारू कधी कधी उशिरा पेटते, हेही तेव्हाच शिकलो. घरी आल्यावर काका नळीत उकळते पाणी ओतीत. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहतात आणि रात्रीतून गंज धरतो. तेलाने ते निघत नाहीत, पाण्यानेच विरघळतात. १९८० च्या दशकात खाजगी आयातीवर बंधने आली आणि काडतुसे दुर्मीळ झाली. मग काका नाताळनंतर वर्षाकाठी पाचच गोळ्या झाडीत. निवडणूक जाहीर झाली की दोन्ही पिस्तुले आणि दुनळी कापडी पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. हवालदार दर वेळी विचारी, “ही एवढीशी कशाला ठेवता, मास्तर?” काका रेल्वेचे, मास्तर नव्हते, पण उत्तरही नव्हते, म्हणून ते नुसते हसत.

आम्ही पुढे शिक्षक म्हणून शिरूरला आलो. घोडनदीकाठचे हे गाव जुन्या लष्करी छावणीचे. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री येथूनच निघाली. शाळेत इतिहास शिकवताना या लहान पिस्तुलांची आणखी ओळख झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगच्याच. लंडनहून पेटीच्या चोरतळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले आली होती, त्यांतल्या एकाच्या. कान्हेरे अठराही पुरते नव्हते. मारला गेलेला जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जाई. एकाला फाशी, दुसऱ्याला कबर. २८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज आणि त्यांची पत्नी मारली गेली, तेही ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्याने. त्या दोघांना अंतिम अभ्यंग देणारे येशूसंघीय फादर आंतोन पुंटिगाम यांच्याकडे पुढे ते पिस्तूल आले. त्यांना त्याचे संग्रहालय करायचे होते. ते साधले नाही. ऑस्ट्रियातील येशूसंघीयांनी ते जपून ठेवले आणि २००४ साली व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाला दिले. ज्या हत्यारामागून महायुद्ध आले ते मठाच्या कपाटात इतकी वर्षे पडून होते, हे वाचून आम्हांस काकांच्या कपाटाची आठवण झाली. त्या फादरांना काय वाटत असेल ते कपाट उघडताना?

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे. तिसरे वर्षाच्या आत जमा करायचे. काका तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. पुढच्या वर्षी महामारी आली आणि निर्णय लांबला. १३ डिसेंबर २०२० ही शेवटची तारीख जवळ आली तेव्हा आम्ही न्हावरे, चौफुला, पाटस असे करीत दौंडला पोहोचलो. चुलतभाऊ म्हणाला, “दुनळी राहू द्या. उसात बिबट्या येतो. मारायचा नाही, पण बार काढला तर निदान धीर येतो.” म्हणजे प्रश्न दोन पिस्तुलांचाच उरला. किमतीने पाहता वेबली द्यावे, ब्राउनिंग ठेवावे, असे सर्वांचे मत पडले. काका काहीच बोलत नव्हते. मग आम्हांस म्हणाले, “धाकटीला बोलाव. तिला विचारल्याशिवाय मला ठरवता येणार नाही.”

धाकटी पुण्यात परिचारिका होती. निवृत्तीनंतरही महामारीच्या दिवसांत पुन्हा वॉर्डात उभी राहिली होती. ती आली. बावन्न वर्षांनंतर आम्ही आणि काका तिच्यापुढे अपराध्यांसारखे बसलो. आम्ही अडखळत सांगायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, “दादा, मला सगळं ठाऊक आहे. ते फरशीवर पडलेलं मीच उचलून काकांच्या हातात दिलं होतं. गरम असेल असं वाटलं होतं, गार होतं.”

हे आम्ही साफ विसरलो होतो. आम्हांस आठवत होता तो आवाज. पुढे ते कोणी उचलले, हे आम्ही कधी मनात आणलेच नव्हते. इतकी वर्षे ज्या गोष्टीपासून तिला जपत असल्याचे आम्ही समजत होतो, तिच्यापासून खरे म्हणजे आम्ही स्वतःलाच जपत होतो.

तिने ब्राउनिंग मागितले. काकांनी सरकता भाग मागे ओढला, नळीत पाहिले, करंगळी घातली आणि मग ते तिच्या हातात दिले. तळहातावर तोलीत ती म्हणाली, “एवढंसंच होय? काका, फार सुंदर जपलंत. पण आता कोणासाठी?”

दुसऱ्या दिवशी काका स्वतः पोलीस ठाण्यात गेले. मुखपट्टीआडून त्यांनी हवालदाराला पिस्तुलाची सगळी माहिती सांगितली: साल, कारखाना, दाबपट्टी, म्यानात का ठेवू नये तेही. त्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले आणि नोंदवहीत लिहिले, ‘पिस्तूल, नग एक’. काचेच्या कपाटात ते जावे, असे काकांना फार वाटे; पण कायद्याच्या लेखी ते फक्त तिसरे हत्यार होते. पावती घेऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. आम्ही तिकडे पाहिले नाही.

छंद मात्र सुटला नाही. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळे याने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा काकांनी आम्हांस शिरूरला फोन केला. “अरे, मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस आहे तो! आपला माणूस!” अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आवाज कापत होता. मग जरा थांबून म्हणाले, “त्याचं बघितलंस? बार झाला की प्रत्येक वेळी रायफल उघडून बघतो. शिस्त म्हणतात ती ही.”

ती पावती काकांनी आमच्याकडे दिली आहे. आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ती ठेवलेली आहे. एखादी वस्तू सांभाळणे म्हणजे तिचा हिशेब शेवटपर्यंत देणे, एवढे आम्ही तिच्यापासून शिकलो. आमचा हिशेब बावन्न वर्षे थकला होता. आणि ज्या व्यक्तीला तो द्यायचा होता, तिने तो कधीच फेडून टाकला होता.