तोंड पाण्याकडे, पाठ रस्त्याकडे

कोमो सरोवराच्या काठची घरं रस्त्याकडे पाठ करून बसलेली आहेत. सकाळी बोटीतून हे लक्षात येत नाही, कारण बोटीला त्यांची तोंडं तेवढी दिसतात. पिवळ्या-गुलाबी भिंती, कमानी, राखलेल्या बागा, थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. दुपारी त्यांच्याच मागून बस गेली तेव्हा उंच कुंपणभिंती दिसल्या, बंद फाटकं दिसली, कचऱ्याचे डबे दिसले आणि भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसची वाट बघणारी एक आजी दिसली. कोमो, बेलाजिओ, लुगानो, म्हणजे दोन सरोवरं आणि दोन देश उरकून रात्री परत मिलानला जेवायला. असल्या धावत्या सहली मला फारशा पटत नाहीत. पण तोंड आणि पाठ एकाच दिवसात बघायची तर बोटही हवी आणि बसही.

तिकिटं मिलानला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं काढली होती. "आई, बाबांना पुढची सीट मिळेल असं बघ," एवढंच तिचं सांगणं. बाबा म्हणजे आमचे हे. एसटीत ड्रायव्हर होते, रत्नागिरी डेपोला, आणि नोकरीचा बराचसा काळ आंबा आणि कुंभार्ली घाटात गेला. मी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे दिवसभर मी पाणी आणि डोंगर बघत होते आणि हे ड्रायव्हरचे हात.

गाईड पन्नाशीच्या बाई, मूळच्या कोमोच्याच. हातात मिटलेली नारिंगी छत्री, आमच्या सगळ्यांच्या कानात तिचा आवाज ऐकवणारा एकेक इअरफोन. आधी इंग्रजीत सांगायची, मग तेच स्पॅनिशमध्ये; स्पॅनिश चालू असताना आम्हाला खिडकीबाहेर बघायला मोकळीक. मिलान ते कोमो तासाभराचा रस्ता. बस थांबायच्या आधी तिनं बजावलं की उशीर माणसांना होतो, बोटीला होत नाही.

कोमोच्या मोठ्या चर्चचं बांधकाम 1396 साली सुरू झालं आणि 1770 पर्यंत चाललं. दर्शनी भिंतीत, दाराच्या दोन बाजूंना, दोन बैठे पुतळे आहेत. संत असावेत असं वाटतं, पण ते आहेत थोरला आणि धाकटा प्लिनी. दोघेही रोमन, दोघांपैकी एकही ख्रिस्ती नाही. थोरला इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला आणि त्या उद्रेकाचं वर्णन धाकट्यानं पत्रांत लिहून ठेवलं. वर्गात ज्वालामुखी शिकवताना मी प्लिनीचं नाव कितीदा घेतलं असेल! गावानं आपली माणसं म्हणून दोघांना देवळाच्या दारात बसवलं, ते मला आवडलं.

तिसरा गावकरी व्होल्टा. बॅटरीचा पहिला नमुना करणारा आलेस्सांद्रो व्होल्टा इथे 1745 मध्ये जन्मला. पाण्याकाठी त्याचं छोटं, घुमट असलेलं संग्रहालय आहे. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या 1927 साली कोमोत जगभरातले पदार्थवैज्ञानिक जमले होते. नील्स बोर यांनी आपला परस्परपूरकतेचा सिद्धांत तिथेच पहिल्यांदा मांडला आणि श्रोत्यांत आपले मेघनाद साहाही होते. गाईडबाईंनी बोरपर्यंत सांगितलं. साहांचं मी सांगितलं, तेव्हा तिनं ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि आपल्या वहीत टिपलं.

रेशमाच्या दुकानासाठी वेळ राखलेला होता. कच्चं रेशीम आता बहुतेक चीनमधून येतं. इथे रंगवतात, छापतात. रुमालाची किंमत बघून यांनी दुकानाबाहेरचं बाकडं पसंत केलं.

बोट सुटली तेव्हा वारा समोरून, उत्तरेकडून होता. सकाळी डोंगरांकडून खाली येणाऱ्या या वाऱ्याला इथे तिवानो म्हणतात. दुपारी तो पडतो आणि दक्षिणेकडून ब्रेव्हा सुरू होतो. आमच्या किनाऱ्यावरच्या मतलई आणि खाऱ्या वाऱ्याचीच ही रीत, फक्त समुद्राच्या जागी मैदान. शाली घट्ट ओढून आम्ही डाव्या कठड्याला बसलो. सांगायचं म्हणजे कोमोहून जाताना डावीच बाजू धरावी, बघण्यासारखं बहुतेक सगळं तिकडेच आहे.

हे सरोवर हिमनदीनं कोरलेलं, उलट्या वाय अक्षरासारखं. खोली 400 मीटरहून जास्त, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर. म्हणजे तळ समुद्राच्याही खूप खाली. आद्दा नदी उत्तरेच्या टोकाला आत येते आणि लेक्को गावापाशी, पूर्वेच्या फाट्यातून बाहेर पडते. कोमोचा फाटा बंद. पाणी येतं पण पुढे जायला वाट नाही. म्हणून मोठ्या पावसात कोमोच्या चौकात पाणी चढतं. हे गाईडबाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितलं आणि लगेच माणसांच्या गोष्टींकडे वळली, कारण तिला लोक कळतात. चेर्नोब्बिओला कार्डिनल गाल्लिओनं सोळाव्या शतकात बांधलेला व्हिला देस्ते आला, जो 1873 पासून हॉटेल आहे. मग लाल्यो आलं, जिथे जॉर्ज क्लूनीचं घर आहे. सगळी बोट डावीकडे झुकली. खिडक्या बंद होत्या. तरी सगळ्यांनी फोटो काढले.

मग पाण्यात घुसलेलं झाडीचं टोक आणि त्यावर व्हिला देल बाल्बिआनेल्लो. बोटीत नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यातली सून एकदम उभी राहिली. "आई, दीपिकाचं लग्न झालं ते हेच!" 2018 च्या नोव्हेंबरातली त्या सिनेनटीच्या लग्नाची गोष्ट गाईडबाईंना पाठ होती. भारतीय पाहुणे असले की आधी हेच विचारतात म्हणाली. पण या घराचा शेवटचा मालक मला जास्त भावला. ग्विदो मोन्झिनो. हा गिर्यारोहक, 1973 साली पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचं नेतृत्व त्यानं केलं. 1988 मध्ये तो गेला तेव्हा घर आणि बाग वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. त्या दारापर्यंत आजही मोटार जात नाही. बोटीनं जायचं, नाहीतर लेन्नो गावातून पायी.

इथे मला घरांच्या तोंडांचा उलगडा झाला. 1826 मध्ये या सरोवरावर वाफेच्या बोटी सुरू झाल्या. त्याआधी वल्ह्या-शिडाच्या होड्या. काठाचा रस्ता जुना, रोमनांच्या काळापासूनचा, पण होता अरुंद, खेचरांच्या पायांचा. पाहुणा येणार तो पाण्यातून. मग दिंडी-दरवाजा, पायऱ्या, शोभेची बाग, सगळं त्याच बाजूला. मागच्या दारानं भाजी, लाकूडफाटा आणि नोकर.

बेलाजिओ वायच्या बरोब्बर बेचक्यात आहे. पायऱ्यांच्या गल्ल्या आणि त्यांत माणसांचे लोंढे. एकमेकांच्या फोटोत न येता चढणं अशक्य. गर्दी सोडून आम्ही मागच्या बाजूची खाणावळ गाठली. पाटीवर मिस्सोल्तीनी लिहिलेलं. इथल्या सरोवरात आगोनी नावाचे चांदीसारखे लहान मासे मिळतात. ते मीठ लावून उन्हात सुकवायचे, मग तमालपत्रासारखी पानं मध्ये घालून डब्यात दाबून ठेवायचे. खायच्या वेळी भाजतात आणि व्हिनेगर शिंपडून मक्याच्या घट्ट पोलेंताबरोबर वाढतात. ताट आलं आणि वास पुढे आला. यांनी डोळे मिटून घास घेतला आणि म्हणाले, "रत्नागिरीच्या मिऱ्याला, मासळीच्या वाळवणावर बसल्यासारखं वाटतंय." शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं मात्र नाकाला रुमाल लावला.

परतीला नारिंगी छत्री धक्क्यावर उभी. आमच्यातलं एक जोडपं आलं नव्हतं. गाईडबाईंनी घड्याळाकडे बघितलं, फोन केला, मग फेरीबोटीत चढली. ते दोघे धावत आले ते फळी उचलायच्या बेतात असताना. कुणी काही बोललं नाही, पण पुढे दिवसभर ते सगळ्यांच्या आधी हजर.

बेलाजिओ ते कादेनाब्बिआ ही मोटारी वाहून नेणारी फेरीबोट.  वारा आता दक्षिणेचा होता. समोरच्या काठावर आमची बस उभी. कोमोहून ती रिकामीच इथवर आली होती. "म्हणजे डेड किलोमीटर," हे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात डेपो मॅनेजरचा स्वर आला.

कादेनाब्बिआ ते कोमो हा रस्ता म्हणजे व्हिआ रेजीना, आणि आमच्या यांच्या दृष्टीनं सहल इथून सुरू झाली. एका बाजूला घरं आणि पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. साला कोमाचिना, कोलोन्नो या गावांत रस्ता दोन घरांच्या भिंतींमधून जातो. समोरून बस आली तर दोघींपैकी एकीनं मागे जायचं. तिथे वॉकीटॉकी घेतलेली माणसं उभी असतात. एका बाजूची वाहनं रोखून दुसऱ्या बाजूची सोडतात. तरी एक ट्रक आलाच. आमच्या ड्रायव्हरनं आरसा मिटवला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि बस भिंतीला इतकी चिकटवली की खिडकीतून हात काढला असता तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या तुळसवजा कुंडीला लागला असता. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. ट्रक गेला. यांनी पुढे वाकून अंगठा दाखवला. ड्रायव्हर आरशातून हसला आणि त्यानं हातानं घाटाचं वळण काढून दाखवत "इंडिया?" असं विचारलं. "घाट," हे म्हणाले. "घाट," तोही म्हणाला.

इथून घरांच्या पाठी दिसत होत्या. सकाळी ज्यांच्या बागा बघितल्या त्यांच्या मागच्या भिंती, गॅरेजची शटरं, उंबरठ्याशी ठेवलेली दुधाची खोकी, वाळत घातलेल्या चादरी. औषधाचं दुकान, शाळा सुटलेली मुलं, स्मशानाची कमान. सकाळच्या बोटीतून या काठावर राहणारं कुणीच दिसलं नव्हतं, माळी सोडले तर. पुढे लाल्योला रस्ता वर चढतो आणि घरांची फक्त छपरं दिसतात. क्लूनीचं छप्पर कुठलं ते गाईडबाईंनी सांगितलं नाही, आणि बसमध्ये कुणी विचारलंही नाही. बरेच जण झोपले होते. बोटीत एक डोळा न मिटणारी माणसं बसमध्ये डुलक्या काढतात, हे मात्र सगळ्या सहलींत सारखंच.

लुगानोबद्दल थोडक्यात. किआस्सोला सीमा ओलांडली, स्वित्झर्लंड 2008 पासून शेंगेनमध्ये असल्यानं शिक्का-बिक्का नाही; पण हा देश युरोपीय संघाबाहेरचा, म्हणून जकातीची चौकी आहे. मेलिदेला लुगानो सरोवर मधोमध बांध घालून ओलांडतात, त्यावरूनच रेल्वे आणि महामार्ग. शहर नेटकं, बाकडी पुसलेली, चौकात बँका. भाषा इटालियनच, नाणी मात्र फ्रँक, आणि कॉफीची किंमत ऐकून आम्ही पाणी प्यालो. दुकानांत न जाता मी काठावरच्या सांता मारिआ देल्यी आंजेली या साध्याशा चर्चमध्ये गेले. आत बेर्नार्दिनो लुईनीनं 1529 मध्ये रंगवलेली अख्खी भिंत आहे. ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याचा प्रसंग, पण त्यात घोडे, सैनिक, बघे, रडणाऱ्या बायका, फाशांवर डाव मांडून बसलेले पहारेकरी, अशी जत्रेएवढी माणसं. अख्ख्या दिवसात मला सर्वांत जास्त वेळ इथेच हवा होता.

निघायची वेळ ठरलेली होती त्याच्या आधी काहीजण बसपाशी येऊन दार उघडायचा आग्रह करू लागले. गाईडबाई नाही म्हणाली. ड्रायव्हरची विश्रांती चालू होती. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चाक धरता येत नाही, आणि हे सगळं डॅशबोर्डावरचं यंत्र नोंदवतं. आमची बोट, आमचं जेवण, लुगानोतला वेळ, सगळं या हिशेबाभोवती बांधलेलं होतं. आम्ही दिवसभर सरोवराचं वेळापत्रक समजत होतो ते खरं ड्रायव्हरचं होतं. हे ऐकून आमच्या यांनी कुरकुरणाऱ्यांकडे अशा नजरेनं बघितलं की मला हसू आवरेना.

परतताना किआस्सोच्या अलीकडे वाहनांची रांग लागली. इटलीत राहून रोज कामाला या स्विस भागात येणारे सत्तर हजारांहून जास्त लोक आहेत; संध्याकाळी ते घरी निघतात. बस इंचाइंचानं सरकत होती. ड्रायव्हर शांत. मिलानला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. यांनी बक्षिशी म्हणून नोट पुढे केली, त्यानं ती खिशात घातली आणि यांना हातानंच "या" म्हणून केबिनमध्ये बोलावलं. यंत्रातून आपलं कार्ड काढलं, एक बटण दाबलं, पावतीसारखी कागदाची पट्टी बाहेर आली. दिवसभराच्या रेघा: चालवलं, थांबलं, चालवलं. यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, कळली का ते देव जाणे, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, लॉगशीट! आपल्याकडे हातानं भरायचो, आणि कंट्रोलर सही करताना बघायचाही नाही."